उरलेल्यांचा नाच

'लोस प्रिसियोनेरोस' म्हणजे कैदी. पिनोचेतची लष्करी राजवट चालू असताना चिलीतल्या तीन तरुणांनी आपल्या रॉक बँडला हे नाव दिले, त्यामुळे या बँडची कहाणी बहुधा हुकूमशाहीविरुद्धच्या लढ्याची म्हणून सांगितली जाते. ते खोटे नाही, पण माझ्या मते अपुरे आहे. त्यांचे खरे भांडण कोणाच्या वाट्याला काय येते याच्याशी होते. म्हणूनच हुकूमशहा गेल्यावरही त्यांचे एक गाणे जुने झाले नाही.

होर्हे गोन्सालेस, क्लाउदियो नारेआ आणि मिगेल तापिया हे तिघे सांतियागोच्या दक्षिणेकडील सान मिगेल या साध्या, कष्टकरी भागातले. १९७९ मध्ये तिथल्या सरकारी शाळेत त्यांची गाठ पडली. १ जुलै १९८३ रोजी एका शाळेतल्या गीतमहोत्सवात त्यांनी या नावाने पहिल्यांदा वाजवले. गोन्सालेस गायचा आणि बास वाजवायचा, नारेआकडे गिटार, तापियाकडे ड्रम. गाणी मुख्यतः गोन्सालेसची. डिसेंबर १९८४ मध्ये 'ला वोस दे लोस ओचेंता' ('ऐंशीच्या दशकाचा आवाज') हा पहिला अल्बम निघाला तो कॅसेटवर, पहिल्या खेपेला अवघ्या हजार प्रती.

त्या वेळी चिलीत निषेधाच्या गाण्याची मोठी परंपरा होती. तिचा अध्वर्यू विक्तोर हारा १९७३ च्या लष्करी उठावानंतर लगेच मारला गेला आणि त्याचे अनेक सोबती परदेशात परागंदा झाले. मागे राहिलेल्यांनी सेन्सॉरला चुकवत, रूपकांच्या आडून गाणे चालू ठेवले. सान मिगेलच्या या पोरांनी पहिल्याच अल्बममध्ये कोणालाच न दुखावणाऱ्या असल्या निषेधगायकाची टर उडवली. चळवळीची गाणी ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला हे खटकेल, मलाही खटकले. ज्यांना गप्प बसवले जात होते त्यांचीच थट्टा कशाला? पण गोन्सालेसचा रोख परंपरेपेक्षा तिच्या नकलेवर होता. विद्यापीठाच्या आवारात, सुशिक्षित श्रोत्यांनाच कळेल अशा भाषेत केलेला निषेध त्याच्या वस्तीपर्यंत पोहोचत नव्हता.

१९८६ चा दुसरा अल्बम 'पातेआन्दो पिएद्रास', म्हणजे 'दगड लाथाडत'. काम नसलेला पोरगा रस्त्याने जाताना दुसरे काय करणार? १९८२ मध्ये चिलीची अर्थव्यवस्था कोसळली होती आणि बेकारी वीस टक्क्यांच्या वर गेली होती. त्याच सुमारास सरकारी शाळा नगरपालिकांकडे सोपवल्या गेल्या आणि अनुदानित खासगी शाळांना मोकळे रान मिळाले. ज्याची जशी ऐपत तशी त्याची शाळा, हे चित्र तिथून पक्के होत गेले. या अल्बममधल्या एका गाण्यात बंद पडत चाललेल्या कारखान्यांची यंत्रे तालवाद्यांतून ऐकू येतात. दुसरे गाणे, 'एल बाइले दे लोस के सोब्रान', कुत्र्याच्या भुंकण्यासह येते.

या नावाचा मराठी अनुवाद करताना मी बराच अडलो. 'सोब्रार' म्हणजे उरणे, गरजेपेक्षा जास्त असणे. जेवणानंतर उरलेल्या अन्नालाही त्याच धातूवरून आलेला शब्द आहे. 'उपरे' म्हणावे तर उपरा बाहेरून आलेला असतो. हे तर घरातलेच. 'शिल्लक' म्हणावे तर हिशेबात शिल्लक ही चांगलीच गोष्ट. शेवटी 'उरलेल्यांचा नाच' एवढ्यावर थांबलो. गाण्यातली गोष्ट साधी आहे: अभ्यास करा, पुढे जाल, असे सगळ्या मुलांना सांगितले गेले, शाळा संपल्यावर कळले की पुढे जाणारे आधीच ठरलेले होते. पिनोचेतचे नावही त्यात नाही. चाल संथ, कोणालाही चार स्वरांत उचलता येईल अशी. सामुदायिक गायनाला याहून जास्त काही लागत नाही.

१९८८ च्या सार्वमतापूर्वी बँडने उघडपणे 'नाही'च्या, म्हणजे पिनोचेतविरोधी बाजूने कौल दिला आणि त्यांचे ठरलेले कार्यक्रम रद्द होऊ लागले. ५ ऑक्टोबरला 'नाही'ला सुमारे ५५ टक्के मते मिळाली. गंमत अशी की मार्च १९९० मध्ये लोकशाही आली आणि त्याच वर्षी बँड आतून फुटला. कारणे खासगी होती, मैत्री आणि प्रेम यांच्या गुंत्यातली. त्यांची उकल इथे करण्यात मला रस नाही. नारेआ बाहेर पडला. त्याच्याविना लॉस एंजेलिसमध्ये गुस्ताव्हो सांताओलायाच्या निर्मितीखाली झालेला 'कोरासोनेस' ('हृदये') हा सिंथेसायझरवर तोललेला विरहाचा अल्बम अनेकांना त्यांचा सर्वोत्तम वाटतो. १९९२ पर्यंत सगळे संपले. पुढच्याच वर्षी अमेरिकन संगीतवाहिनी एमटीव्हीची लॅटिन अमेरिकी शाखा सुरू झाली, तेव्हा पहिले गाणे लागले ते या मोडलेल्या बँडचे.

३० नोव्हेंबर आणि १ डिसेंबर २००१ ला तिघे पुन्हा एकत्र आले. जागा होती सांतियागोचे राष्ट्रीय स्टेडियम. १९७३ मध्ये तिथे हजारो लोकांना डांबले होते. आता 'कैदी' तिथे दोन रात्री गात होते. तो सलोखा दोनच वर्षे टिकला. नारेआ पुन्हा गेला आणि २००६ मध्ये बँड कायमचा थांबला. या उत्तरार्धातले अल्बम मी ऐकले आहेत. त्यांवर अधिक लिहावे असे त्यांत फारसे नाही.

गाण्याचे मात्र वेगळेच झाले. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोचे भाडे तीस पेसोंनी वाढले. विद्यार्थी तिकिटाविना फाटकांवरून उड्या मारू लागले आणि बघता बघता असंतोष पेन्शन, दवाखाने, शैक्षणिक कर्जे इथपर्यंत पसरला. लष्कर रस्त्यावर आले, संचारबंदी लागली. २५ तारखेला एकट्या सांतियागोत दहा लाखांहून अधिक लोक जमले. त्या दिवसांत जमाव दोन गाणी पुन्हापुन्हा गात होता. एक हाराचे, दुसरे 'उरलेल्यांचा नाच'. ज्या परंपरेच्या नकलेची गोन्सालेसने टर उडवली होती, तिच्या मूळ पुरुषाशेजारी लोकांनी त्याला नेऊन बसवले. गाणाऱ्यांतले कित्येक जण गाणे निघाले तेव्हा जन्मलेही नव्हते.

गोन्सालेस स्वतः गाऊ शकत नव्हता. २०१५ मध्ये त्याला मेंदूचा झटका आला होता आणि २०१७ च्या सुरुवातीला त्याने मंच सोडला होता. रस्त्यावरचे गाणे ऐकून अभिमान वाटतो का, असे कोणालाही विचारावेसे वाटेल. त्याचे म्हणणे निराळे होते: संचारबंदी आणि गोळीबार असताना हे गाणे जन्मले, आणि तशाच परिस्थितीत ते अजून गावे लागते, याचे त्याला दुःख वाटत होते.