आधी वनस्पती, शेवटी मासे

बाजारातून काचेची पेटी आणायची, ती घासूनपुसून लख्ख करायची, तळाशी रंगीत खडे पसरायचे, नळाचे पाणी भरायचे आणि त्याच संध्याकाळी प्लॅस्टिकच्या पिशवीतून आणलेले दहा-बारा मासे त्यात सोडायचे. घरोघरी आणि शाळाशाळांतून मत्स्यालय सुरू होते ते बहुधा असे. तीन-चार दिवस सारे छान चालते. मग एक मासा मरतो, दुसऱ्या दिवशी दोन. 'पाणी घाण झाले असेल' असे म्हणून पेटी रिकामी केली जाते, खडे खसाखसा धुतले जातात, नवे पाणी येते, नवे मासे येतात. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की पेटी माळ्यावर जाते, आणि मुलांच्या मनात 'मासे फार नाजूक असतात' एवढाच धडा उरतो.

हा धडा खरा नाही. गटारात आणि डबक्यात मजेत राहणारा गप्पी मासा स्वच्छ पाण्याच्या पेटीत आठवड्यात मरतो, तेव्हा दोष त्याच्या नाजूकपणाकडे देता येत नाही. आमच्या मते खरा घोटाळा त्या लख्ख धुण्यात आहे. तो कसा, हे समजले तर मत्स्यालय टिकतेच, शिवाय आठवीपासून बारावीपर्यंतचे बरेचसे विज्ञान त्या पेटीत डोळ्यांसमोर घडताना दिसते.

सुरुवात थोड्या इतिहासाने करू. लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने सुमारे १२ गॅलनच्या, म्हणजे ५४ लिटरच्या काचपात्रात निम्म्यापर्यंत पाणी भरून, तळाशी वाळू व माती घालून दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पती प्राणवायू देईल, मासे कार्बन डाय-ऑक्साइड देतील आणि दोघांचे भागेल, अशी कल्पना होती. काही काळ भागलेही. मग व्हॅलिस्नेरियाची जुनी पाने कुजू लागली आणि पाणी गढुळले. वॉरिंग्टनने पात्र धुतले नाही. त्याने तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने व शेवाळ खाऊन टाकले आणि पात्र पुन्हा नितळ झाले. हे निरीक्षण १८५० साली प्रसिद्ध झाले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यगृह उघडले आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस याच्या पुस्तकाने 'ऍक्वेरियम' हा शब्द रूढ केला.

'समतोल मत्स्यालय' ही कल्पना तेव्हापासूनची. ती अर्धी बरोबर आहे. वॉरिंग्टनचा हिशेब प्राणवायूचा होता. पण लहान पेटीतले मासे प्राणवायूअभावी क्वचितच मरतात. ते मरतात अमोनियाने.

आपण नायट्रोजनयुक्त टाकाऊ पदार्थ युरियाच्या रूपाने बाहेर टाकतो. मासे तो मुख्यतः अमोनियाच्या रूपात, कल्ल्यांवाटे, थेट पाण्यात सोडतात. नदीत तो क्षणात पातळ होतो. ४० लिटरच्या पेटीत साठत जातो. न खाल्लेले अन्न कुजून त्यात भरच घालते. पाण्यात हा अमोनिया दोन रूपांत असतो : अमोनियम आयन, जो फारसा त्रास देत नाही, आणि मुक्त अमोनिया, जो कल्ल्यांना जाळतो. कोणते रूप किती, हे पाण्याच्या पीएचवर अवलंबून असते. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी मुक्त अमोनिया अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. पीएच ८ झाला की तो ५ टक्क्यांवर जातो आणि ९ ला तिसऱ्या हिश्शाहून अधिक होतो. म्हणजे तेवढ्याच माशांची तेवढीच घाण एका जागी निभते आणि दुसऱ्या जागी मारक ठरते. देशावर काळ्या पाषाणातून येणारे विहिरी-बोअरचे पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी असते. कोकणात जांभ्यातून झिरपणारे पाणी मृदू, किंचित आम्लधर्मी. कोकणातल्या मित्राकडे जमलेले मत्स्यालय सोलापूरला का जमत नाही, याचे एक कारण येथे आहे.

या अमोनियाचा बंदोबस्त करणारे कामकरी डोळ्यांना दिसत नाहीत. जिवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. नायट्राइटही घातकच : ते रक्तातील हिमोग्लोबिन बिघडवते, रक्त तपकिरी पडते आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा पृष्ठभागावर येऊन धापा टाकतो. नायट्रेट मात्र बऱ्याच प्रमाणात सोसवते आणि वनस्पतींना खत म्हणून चालते. नायट्रीकरण हे सजीवांचे काम आहे, हे १८७७ मध्ये श्लोसिंग आणि म्यून्झ यांनी फ्रान्समध्ये दाखवले; हे जिवाणू वेगळे करून वाढवले ते विनोग्राड्स्की यांनी, १८९० च्या सुमारास.

पाठ्यपुस्तकात दुसऱ्या टप्प्यासाठी नायट्रोबॅक्टर हे नाव असते. ते शेतजमिनीबाबत ठीक आहे. मत्स्यालयांत मात्र हे काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा करतो, असे १९९८ मध्ये दिसून आले. आणि २०१५ साली तर नायट्रोस्पायराचेच असे प्रकार सापडले, की जे दोन्ही टप्पे एकटेच पार पाडतात. शंभर वर्षे 'दोन टप्पे, दोन जिवाणू' असे शिकवले गेले, त्याला हा सुखद धक्का होता. वर्गात सांगण्याजोगी गोष्ट आहे.

हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत. ते खडीच्या कणांवर, फिल्टरच्या स्पंजावर, काचेवर आणि पानांवर बुळबुळीत थर करून राहतात. शिवाय ते फार संथ वाढतात. अनुकूल परिस्थितीत एश्चेरिशिया कोलाय २० मिनिटांत दुप्पट होतो. यांना कित्येक तास, बरेचदा एक दिवसही लागतो. नव्या पेटीत त्यांची पुरेशी वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे जातात. आता खडे खसाखसा धुण्याचा अर्थ लक्षात येईल. दर वेळी आपण ती वस्ती उठवतो आणि नव्या माशांना पुन्हा पहिल्या दिवसात नेऊन सोडतो.

म्हणून क्रम उलटा करायचा. आधी पेटी, माती आणि वनस्पती; मग जिवाणूंना वेळ; मासे सर्वांत शेवटी.

पेटी ६० × ३० × ३० सेंटिमीटरची घ्यावी. पाणी, खडी आणि काच मिळून वजन पाऊणशे किलोच्या घरात जाते, तेव्हा डुगडुगणारे स्टूल उपयोगाचे नाही. सपाट टेबल आणि पेटीखाली थर्मोकोलचा पातळ तक्ता हवा. उंच पेटीचा मोह टाळावा. ३० सेंटिमीटर पाण्याने समोरच्या काचेवर पडणारे बल सुमारे २७ किलो वजनाइतके असते. लांबी तीच ठेवून उंची ६० केली तर ते दुप्पट नव्हे, चौपट होते, कारण सरासरी दाबही वाढतो आणि क्षेत्रफळही. नववीच्या विद्यार्थ्यांना हा हिशेब जरूर करायला लावावा. उंच पेटीत तळापर्यंत उजेडही कमी पोचतो, आणि हवेशी संपर्क येणारा पृष्ठभाग पाण्याच्या मानाने अपुरा पडतो.

तळाशी आधी बागेतली साधी माती, चाळून, दोन सेंटिमीटर. तीत शेणखत किंवा रासायनिक खत नको. त्यावर तीन सेंटिमीटर बारीक खडी. मातीचा थर देण्याची ही पद्धत अमेरिकेतील डायना वॉल्स्टॅड यांनी १९९९ च्या आपल्या पुस्तकात सविस्तर मांडली. आपल्या शाळांना ती परवडणारी आहे, कारण तीत महागडी खते आणि कार्बन डाय-ऑक्साइडचे नळकांडे लागत नाही. खडी काळ्या दगडाची उत्तम. समुद्रकाठची वाळू, शंख-शिंपले, संगमरवराचे तुकडे टाळावेत. ते हळूहळू विरघळून पाणी जड करतात. शंका असेल तर खड्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकावेत. बुडबुडे आले तर तो खडा बाद.

सजावटीचे म्हणाल तर प्लॅस्टिकचे पाणबुडे आणि राजवाडे आम्हाला आवडत नाहीत, पण हा आवडीचा प्रश्न आहे. खडीला मागून पुढे उतार द्यावा. त्याला कारण आहे : प्रकाशाच्या अपवर्तनामुळे ३० सेंटिमीटर खोलीची पेटी समोरून साडेबावीसच दिसते. उतारामुळे ती गेलेली खोली परत मिळाल्यासारखी वाटते. मागे उंच वनस्पती, पुढे ठेंगण्या, आणि एखादा ओबडधोबड दगड मधोमध न ठेवता एका बाजूला. जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४-२०१५) यांनी दगड, लाकूड आणि वनस्पती एवढ्यावरच पेटीत डोंगर-कुरणे उभी केली. तेवढी मजल मारायची गरज नाही. पण त्यांची छायाचित्रे पाहिली तर रंगीत खड्यांचा मोह आपोआप सुटतो.

वनस्पती निवडताना आपले पाणी पाहावे. पाण्यात कार्बन डाय-ऑक्साइड हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो, त्यामुळे बुडालेल्या पानाला कार्बनची नेहमीच टंचाई. हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया यांनी यावर तोड काढली आहे : जड पाण्यातले बायकार्बोनेटही त्या वापरू शकतात. देशावरच्या पाण्यात त्या जोमाने वाढतात ते यामुळे. दुकानातल्या लालचुटूक पानांच्या वनस्पती मात्र त्याच पाण्यात महिन्याभरात माना टाकतात. हायड्रिलाचे तुरे चार-चार एकत्र करून खडीत खोचावेत. व्हॅलिस्नेरिया लावताना मुळे खडीत आणि पाने जेथून फुटतात तो गड्डा वर राहील असे पाहावे. गड्डा गाडला तर तो कुजतो. लावणी दाट हवी. विरळ लावली तर शिल्लक खत शेवाळाला मिळते.

पाणी भरताना खडीवर बशी ठेवून तिच्यावर धार सोडावी, म्हणजे माती उसळत नाही. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांना आणि आपल्या जिवाणूंनाही मारतो. उघड्या बादलीत एक दिवस ठेवल्यास तो बराचसा निघून जातो. घाई असेल तर प्रयोगशाळेतील हायपोचे, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे, दोन-चार लहान खडे पुरतात.

दिवा रोज आठ-नऊ तास. पेटी खिडकीत ठेवू नये. उन्हाने पाणी तापते आणि हिरवे होते. २० अंशांना एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसातच. वनस्पती रात्री प्राणवायू देत नाहीत, उलट घेतात, हे मुलांना ठाऊक असते. ते येथे महत्त्वाचे ठरते. हवेचा छोटा पंप रात्री चालू ठेवावा. त्याचे बुडबुडे फारसा प्राणवायू देतात असे नाही. ते तळचे पाणी वर आणतात, आणि प्राणवायू पृष्ठभागातून शिरतो.

आता जिवाणू. त्यांना खाद्य म्हणजे अमोनिया हवा आणि पेटीत मासे तर नाहीत. सुमारे ४० लिटर पाण्यात पाव ग्रॅम अमोनियम क्लोराइड घातले की लिटरमागे दोन मिलिग्रॅम अमोनिया होतो. विरजण म्हणून एखाद्या जुन्या, निरोगी मत्स्यालयातली मूठभर खडी मिळाली तर आठवडे वाचतात. दर दोन-तीन दिवसांनी अमोनिया आणि नायट्राइट मोजून आलेख काढावा. मत्स्यालयाच्या दुकानात चाचणीसंच मिळतात. प्रयोगशाळेतील नेसलर द्रावणात पारा असतो, ते विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नये. आलेखात आधी अमोनिया उतरतो, मग नायट्राइटचा डोंगर चढून ओसरतो. दाट लावणीत हा डोंगर बुटका निघतो, कारण वनस्पती स्वतःच बराच अमोनिया खातात. दोन्ही आकडे शून्यावर आले आणि पुन्हा घातलेला अमोनिया एका दिवसात नाहीसा होऊ लागला, की पेटी तयार.

पहिल्या आठवड्यात चार-पाचच मासे सोडावेत. झेब्रा डॅनिओ हा आपल्याच उपखंडातला, काटक आणि चपळ, गप्पीही चालतात. गोल्डफिश दिसतो देखणा, पण घाण फार करतो आणि झाडे उपटतो. दोन मिनिटांत संपेल एवढेच अन्न, दिवसातून एकदा. सुट्टीत दोन-तीन दिवस उपास घडला तरी मोठ्या माशांना काही होत नाही. जास्त अन्नाने मात्र होते.

पुढे आठवड्याला पाव हिस्सा पाणी सायफनने काढून तेवढेच मुरवलेले पाणी घालावे. फिल्टरचा स्पंज नळाखाली न धरता त्याच काढलेल्या पाण्यात पिळावा. पेटी रिकामी करू नये.

प्रयोगांना तोटा नाही. हायड्रिला दाट असेल तर सकाळी दिवा लावण्यापूर्वी आणि दुपारी चारला पेटीतले थोडे पाणी परीक्षानळीत घेऊन फिनॉल्फ्थॅलिन टाकावे. सकाळी रंगहीन आणि दुपारी गुलाबी छटा आली, तर वनस्पतींनी दिवसभरात कार्बन शोषून पीएच सव्वाआठच्या वर नेला असे समजावे. हायड्रिलाचे कोवळे पान सूक्ष्मदर्शकाखाली धरले की पेशीद्रवाबरोबर फिरणारी हरितलवके दिसतात. व्हॅलिस्नेरियाला कधी फूल आले तर दवडू नये : मादीफूल लांब देठावर पृष्ठभागाशी येते, नरफुले तळाशी सुटी होऊन वर तरंगत त्याला जाऊन भिडतात, आणि मग देठ स्प्रिंगसारखा गुंडाळून फळाला खाली ओढून घेतो.

एक गोष्ट मात्र हौसेच्या भरात होते. सहलीला गेल्यावर ओढ्यातून, सड्यावरून वनस्पती आणि मासे उपटून आणले जातात. साताऱ्याच्या पठारांवरील वायतुरा जगात इतरत्र जवळजवळ आढळत नाही; तो जागीच पाहावा. दक्षिण सह्याद्रीतील डेनिसन बार्ब हा मासा (त्याच्या वंशाला २०१३ मध्ये 'सह्याद्रिया' असे नाव मिळाले) मत्स्यालयांच्या व्यापारासाठी झालेल्या बेसुमार पकडीमुळे धोक्यात आला आहे. उलट दिशेचा प्रवासही तितकाच वाईट. 'काच साफ करणारा' म्हणून विकला जाणारा दक्षिण अमेरिकेतील सकर मासा फूटभर वाढला की लोक तो नदीत सोडून देतात, आणि आज तो भारतातल्या अनेक जलाशयांत ठाण मांडून बसला आहे. जलपर्णीही अशीच, फुलांच्या हौसेने आलेली. तेव्हा नकोसे झालेले मासे दुकानदाराला किंवा दुसऱ्या शाळेला द्यावेत, आणि छाटलेली हायड्रिला नाल्यात न टाकता कंपोस्टच्या खड्ड्यात घालावी.