आठ सिलिंडर, तीन चाकं

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं लहानसं गॅरेज आहे. पायानं अधू असलेल्या माणसांच्या स्कूटरला मागं बाजूची दोन चाकं बसवायची, हे माझं गेल्या सत्तावीस वर्षांचं काम. त्यामुळे तीन चाकांची कुठलीही गाडी दिसली की माझी नजर आधी मागच्या आसाकडं जाते. मुलीकडं अमेरिकेत मेम्फिसला गेलो होतो, तेव्हा एका पेट्रोल पंपावर असंच झालं.

पुढं मोटरसायकलचं हँडल आणि एकच चाक. मागं मोटारीची दोन रुंद चाकं, त्यांच्यावर 1957 सालच्या शेवरलेट गाडीसारखे वर निघालेले पंख, गर्द लाल रंग, क्रोमची झळाळी. आणि मधोमध, चालवणाऱ्याच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये, मोटारीचं अख्खं इंजिन. मालक सत्तरीतले असावेत. मी खाली वाकून बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं. ‘‘बाबा, मी विचारते त्यांना,’’ म्हणत मुलगी पुढं झाली. पुढचा पाऊण तास आम्ही तिघंही तिथंच होतो.

ती गाडी बॉस हॉसची होती. तिकडच्या बोलीत ‘हॉस’ म्हणजे घोडा. माँटी वॉर्न या गृहस्थांनी 1990 मध्ये टेनेसी राज्यातल्याच डायर्सबर्ग या गावी ही कंपनी काढली. मेम्फिसपासून ते गाव सव्वाशे किलोमीटरवर. शेवरलेटचं व्ही-8 इंजिन मोटरसायकलच्या सांगाड्यात बसवायचं, ही त्यांची कल्पना. आधी दुचाकी झाली, मग तीनचाकीही आली.

या कंपनीनं वर्षानुवर्षं वापरलेलं शेवरलेटचं इंजिन 5.7 लिटरचं, म्हणजे सुमारे 5,700 सीसीचं. आपली जुनी बुलेट 346 सीसीची. हिशेब केला तर या इंजिनाचा एकेक सिलिंडर दोन बुलेटींना भारी पडतो, आणि असे आठ सिलिंडर, चार-चारच्या दोन रांगांत, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे तिरपे मांडलेले.

मालकांनी गाडी सुरू केली. बुलेटचा ठोका मोजता येतो, इथं ठोक्याला ठोका लागून सलग घुमारा येत होता. त्यांनी जागेवरच ॲक्सिलरेटर पिळला आणि सगळी गाडी बोटभर एका बाजूला कलून परत जागेवर आली. मला ते लगेच उमगलं. या इंजिनाचा क्रँक गाडीच्या लांबीत बसवलेला असतो. तो एका दिशेनं जोरात फिरला की सांगाडा उलट दिशेला झुकतो. दुचाकीवर हा झटका चालवणाऱ्याला पायांवर पेलावा लागतो. इथं तो मागच्या दोन चाकांवर उतरतो. अर्ध्या टनाहून जड गाडी गुडघे गेलेल्या माणसाला चालवता येते ती त्यामुळेच. एवढं ओझं पायानं मागं रेटणं कुणालाच जमायचं नाही, म्हणून हिला रिव्हर्स गिअरही असतो.

आता माझ्या कामातला मुद्दा. मी स्कूटरला चाकं बसवतो तेव्हा मधलं मूळ चाकच गाडी ढकलतं, बाजूची दोन नुसता तोल सांभाळतात. या गाडीत मात्र मागची दोन्ही चाकं जोर लावतात. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही एकाच वेगानं फिरली तर टायर घासत जातील. म्हणून मध्ये डिफरन्शियल लागतो. तो दोन्ही चाकांना जोर देतो आणि वेग मात्र ज्याचा त्याला ठेवू देतो. आपल्या रिक्षातही तेच काम चालतं.

स्वतःच्या हातानं अशी गाडी करणाऱ्यांनी म्हणूनच फोक्सवॅगनची बीटल निवडली. 2003 पर्यंत 2 कोटी 10 लाखांहून जास्त बीटल बनल्या, त्यामुळे जुना माल मुबलक. शिवाय तिचं इंजिन मागं असतं, वाऱ्यानं थंड होतं, रेडिएटर लागत नाही. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल सगळं एकत्र. बीटलचा मागचा भाग घ्यायचा, त्याला पुढं मोटरसायकलचा फोर्क जोडायचा, की गाडी उभी राहते.

चालवणं मात्र नव्यानं शिकावं लागतं. दुचाकी वळणावर आपल्याबरोबर झुकते, ही झुकत नाही. हँडल ओढून वळवावं लागतं आणि अंग बाहेर फेकलं जातं. पुढं एकच चाक असल्यामुळे वळणावर जोरात ब्रेक मारला तर गाडी पुढच्या कोपऱ्यावर कलंडू शकते. आपले रिक्षावाले हे जाणतात. आणि थांबताना सवयीनं पाय खाली टेकवायचा नाही, नाहीतर मागचं चाक पायावरून जातं. हे सांगताना मालकांनी स्वतःच्या डाव्या पायावर हात ठेवला. तो पाय गुडघ्यातून वाकत नव्हता. काठी टेकत चालायला लागल्यापासून लोक आधी त्यांच्या पायाकडं बघायचे, आता गाडीकडं बघतात, असं ते म्हणाले. मीही आधी गाडीच पाहिली होती.

आपल्याकडं गाडीत असे बदल मनाला येतील तसे करता येत नाहीत, कायदा आडवा येतो आणि ते योग्यच आहे. अधू माणसांसाठीची जोडणी आरटीओच्या मंजुरीनं होते. पण एक चूक माझी होती. इतकी वर्षं बाजूच्या चाकांचे मडगार्ड मी काळेच रंगवत आलो. गिऱ्हाइकाचं अधूपण झाकून देतोय, असं मला वाटायचं. कुणाला विचारलं मात्र कधीच नाही.

परत आल्यावर पहिली गाडी आली ती लहानपणी पोलिओ झालेल्या एका ताईंची. या वेळी मी रंगाचा तक्ता त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी तो दोनदा उलटून पालटून पाहिला.

‘‘मिस्त्री, कुठला पण चालतोय?’’

‘‘कुठला पण.’’

त्यांनी लाल रंगावर बोट ठेवलं. त्या दिवशी मी मडगार्डला तीन हात मारले.