ईपरचा चिखल आणि अडगावची कपाशी

आपल्या होस्टेलमध्ये चिखलदरा न पाहिलेला माणूस शोधून सापडायचा नाही. फर्स्ट इयरला सीनिअर घेऊन जातात, पुढे आपण ज्युनिअर्सना घेऊन जातो. मी चार वेळा गेलो. चारही वेळा गाविलगडावर ग्रुप फोटो काढले, पडक्या तटावर बसून चिवडा खाल्ला आणि तट जुना आहे, पडणारच, असं समजून खाली उतरलो. तो तट कसा पाडला गेला हे मला कळलं ते इथून सात हजार किलोमीटरवर, बेल्जियममध्ये. कसं कळलं तेच या लेखात सांगतो.

मागच्या वर्षी एका सेमिस्टरसाठी मी बेल्जियममधल्या लूव्हेन गावी होतो. गाव म्हणजे विद्यापीठच. तिथल्या लायब्ररीच्या इमारतीवर एक उंच टॉवर आहे आणि त्यात घंटांचा संच आहे. ही लायब्ररी दोनदा जळाली. पहिल्यांदा ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन सैन्याने गाव पेटवलं तेव्हा, आणि अमेरिकन लोकांच्या वर्गणीतून पुन्हा बांधल्यावर दुसऱ्यांदा मे १९४० मध्ये. दोन्ही वेळा लाखो पुस्तकं गेली. टॉवरमधलं घड्याळ आणि घंटा १९२८ मध्ये अमेरिकेतल्या इंजिनिअरांच्या संघटनांनी दिल्या, पहिल्या महायुद्धात मेलेल्या आपल्या इंजिनिअर बांधवांच्या आठवणीसाठी. रोज त्या घंटा ऐकत मी जेवायला जायचो. इंजिनिअरचं स्मारक असू शकतं हेच मला नवीन होतं.

मार्चमध्ये आमच्या मातीच्या विषयाचा तीन दिवसांचा अभ्यासदौरा निघाला. बस ईपर गावाकडे. १९१४ ते १९१८ अशी चार वर्षं या गावाभोवती लढाई चालली आणि गाव जमीनदोस्त झालं. आज जे जुनंपुराणं दिसतं ते सगळं नंतर जसंच्या तसं पुन्हा बांधलेलं आहे. सरांनी बसमध्येच सांगून टाकलं की आपण इतिहास शिकायला नाही, माती पाहायला चाललो.

माती पाहिली आणि मला घरची आठवण आली. वर वाळूमिश्रित पातळ थर, खाली घट्ट चिकणमाती. पाणी खाली मुरत नाही. म्हणून तिथल्या शेतकऱ्यांनी शेकडो वर्षं चर खणून, नाल्या काढून शेतं कोरडी ठेवली होती. १९१७ च्या उन्हाळ्यात ईपरच्या तिसऱ्या लढाईआधी ब्रिटिश तोफांनी दोन आठवड्यांत चाळीस लाखांच्या वर गोळे टाकले. माणसं मेलीच, पण त्याबरोबर पाण्याचा निचरा करणारी सगळी व्यवस्थाच फुटली. मग पाऊस आला. पुढे पाशेंडालच्या वाटेवर जखमी माणसं गोळ्यांच्या खड्ड्यांत बुडून मेली. लढाईत बुडून मरणं हे आपल्याला पटत नाही, पण आषाढात काळ्या वावरात बैलबंडी फसलेली ज्याने पाहिली त्याला समजावून सांगायची गरज नाही. सर बोर्डावर पर्मिएबिलिटीचा गुणांक लिहीत होते आणि मी अकोटच्या पांदण रस्त्याचा विचार करत होतो.

दुसऱ्या दिवशी मेसिन. ७ जून १९१७ ला पहाटे इथे ब्रिटिशांनी जर्मन खंदकांखाली १९ सुरुंग उडवले. त्यांतल्या एका सुरुंगाचा खड्डा आता तळं झाला आहे, रुंदी सव्वाशे मीटरच्या वर. यातलं इंजिनिअरिंग असं : वरच्या ओल्या थरात बोगदा टिकत नाही, पाणी आत येतं. म्हणून खोल जाऊन खालच्या निळ्या चिकणमातीत बोगदे खणले. ती कोरडी, आणि खणताना आवाजही कमी. पण निळी माती वर दिसली की विमानातून पाहणाऱ्या शत्रूला लगेच कळणार, हे किती खोल गेलेत ते. त्यामुळे खणलेली माती पोत्यांत भरून लपवणं हेही तेवढंच मोठं काम होतं. काही सुरुंग न उडता राहिले. त्यातला एक १९५५ साली वीज पडून उडाला. मेली एक गाय.

अजूनही तिथे नांगरटीच्या दिवसांत शेतातून गोळे निघतात. शेतकरी ते बांधावर, विजेच्या खांबाजवळ ठेवतो, फोन करतो आणि लष्कराची गाडी येऊन घेऊन जाते. वर्षाला शंभर टनांहून जास्त माल निघतो. त्यात विषारी वायूचेही गोळे असतात. पहिला मोठा क्लोरीनचा हल्ला इथेच, २२ एप्रिल १९१५ चा. चार दिवसांनी त्याच भागात लाहोर डिव्हिजनच्या आपल्या हिंदी पलटणींना पुढे घातलं होतं, आणि विषारी वायू त्यांनाही भोगावा लागला.

ईपरला मेनिन गेट म्हणून मोठी कमान आहे. ज्यांची प्रेतं सापडली नाहीत किंवा ओळखू आली नाहीत अशा ५४ हजारांवर सैनिकांची नावं तिच्यावर कोरली आहेत. तिथे जागा पुरली नाही म्हणून आणखी सुमारे ३५ हजार नावं दुसरीकडे, टाईन कॉटच्या दफनभूमीत लावली. रोज रात्री आठ वाजता रस्ता बंद करून बिगुल वाजवतात. १९२८ पासूनचा नेम, फक्त दुसऱ्या महायुद्धात गाव जर्मनांच्या ताब्यात असताना खंड पडला. कमानीवर चारशेवर हिंदी नावं आहेत.

त्या रात्री जेवताना एका बेल्जियन वर्गमित्राने विचारलं, तुझ्याकडे अशी लढाई कधी झाली का? मी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, नाही बाबा, आमचा भाग शांत. कापूस, ज्वारी आणि ऊन. बाकी काही नाही.

हे वाक्य नंतर मला बरंच महागात पडलं.

तिसऱ्या दिवशी सीमा ओलांडून फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेल. इथे खास हिंदी सैनिकांचं स्मारक आहे, १९२७ चं, हर्बर्ट बेकरने केलेलं. गोल भिंत, उंच खांब, खांबाच्या दोन बाजूंना दोन दगडी वाघ. मेळघाटच्या माणसाला वाघ तिथे भेटतील असं वाटत नाही. भिंतीवर ४,७०० हून जास्त नावं. त्यात सॅपर्स अँड मायनर्सची नावं दिसली तशी मी थांबलो. तिसरी सॅपर्स अँड मायनर्स म्हणजे आपली खडकीची, आजची बॉम्बे सॅपर्स. यांचं काम रस्ते, पूल, खंदक, सुरुंग. म्हणजे आपल्याच लाइनीतली माणसं. २८ ऑक्टोबर १९१४ ला त्यांच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्यांना ४७ व्या शीख पलटणीबरोबर पायदळासारखं हे गाव घ्यायला पाठवलं, कारण मदतीला दुसरं कोणी शिल्लक नव्हतं. गाव त्यांनी घेतलं. घराघरांतून मारामारी झाली, जवळजवळ सगळे अधिकारी पडले, आणि माणसंच उरली नाहीत म्हणून गाव सोडावं लागलं. स्पेलिंग इंग्रजी, पण काही नावं सरळसरळ मराठी. मी ती मोठ्याने वाचली. आजूबाजूला बीटची शेतं होती, ऐकायला कोणी नव्हतं.

परत आल्यावर लूव्हेनच्या त्या दोनदा जळालेल्या लायब्ररीत बसायची सवय लागली. वॉटर्लू तिथून तासाभरावर, ते पाहून आलो होतो, म्हणून वेलिंग्टनची छापील पत्रं चाळायला घेतली. १८१५ ला नेपोलियनला हरवणारा हा माणूस त्याआधी आर्थर वेलस्ली या नावाने आपल्या मुलखात होता, असईची लढाई त्याची, एवढं शाळेत शिकलो होतो. पुढच्या पानांवर 'अर्गाऊम' असं एक गाव आलं. त्यापुढे 'गाविलघर'. 'एलिचपूर'. एलिचपूर म्हणजे अचलपूर हे माहीत होतं. मग डोक्यात ट्यूब पेटली. अर्गाऊम म्हणजे अडगाव! तेल्हारा तालुका, जिल्हा अकोला. माझ्या मामाचं गाव. लहानपणीच्या सगळ्या उन्हाळी सुट्ट्या मी ज्या रणांगणावर घालवल्या ते आमच्या 'शांत' भागातलं होतं.

भारतात आल्यावर पहिल्यांदा अडगावला गेलो. मामाला विचारलं तर म्हणाला, "लढाई झालती म्हनत बुढे. आता काय पायतं बाप्पा, कपाशी हाय निस्ती." खरंच कपाशीच होती. मी बांधावर उभा राहून पत्रांत वाचलेलं जुळवत गेलो.

२९ नोव्हेंबर १८०३, दुपार उलटलेली. एका बाजूला वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन. दुसऱ्या बाजूला नागपूरकर रघूजी भोसल्यांचा भाऊ व्यंकोजी, त्यांचं पायदळ, तोफा आणि शिंद्यांचे स्वार. गावाजवळून इंग्रजांची रांग पुढे सरकताना मराठ्यांच्या तोफा सुरू झाल्या आणि वेलस्लीच्या तीन पलटणी चक्क पळत सुटल्या. दोनच महिन्यांपूर्वी असईला याच पलटणी चांगल्या लढल्या होत्या. वेलस्ली जवळ होता म्हणून त्याने त्यांना वळवून पुन्हा रांगेत आणलं. आपण तिथे नसतो तर दिवस हातचा गेला असता, असं त्याने स्वतःच एका पत्रात कबूल केलं आहे. म्हणजे वऱ्हाडचं काय होणार हे अर्धा तास तरी या कपाशीत लोंबकळत होतं. शेवटी मराठी फळी मोडली, ३८ तोफा गेल्या, आणि चांदण्यात घोडदळाने पळणाऱ्यांचा पाठलाग केला. इंग्रजांकडचे मेलेले, जखमी धरून साडेतीनशेच्या आसपास. त्यांच्या याद्या आहेत. चांदण्यात मारल्या गेलेल्यांची यादी नाही.

मग गाविलगड. पाचव्यांदा गेलो, या वेळी होस्टेलचे तिघे बरोबर होते. चिवडा होताच.

गडाची रचना अशी आहे की दक्षिणेला, म्हणजे आपल्या पठाराच्या बाजूला, कडा सरळ खाली तुटतो. जमीन जोडलेली आहे ती उत्तरेकडून, जिथे लाबाडा नावाची वस्ती होती. तोफा लावायच्या तर तिकडूनच. पण तोफा होत्या खाली, सपाटीवर. म्हणून स्टीव्हन्सनच्या सैन्याने ७ ते १२ डिसेंबर या काळात धामणगाव गढीकडून सातपुड्यात शिरून, डोंगराला वळसा घालून, सुमारे ३० मैल रस्ता स्वतः तयार केला आणि त्यावरून जड तोफा जवळजवळ सगळी वाट हातांनी ओढत नेल्या. अठरा पौंडी लोखंडी तोफ म्हणजे साधारण दोन टन. परतवाड्याहून वर जाताना घाटात आपली एसटी कशी कण्हते ते आठवा, म्हणजे अंदाज येईल. माझं मत विचाराल तर गाविलगड पडला तो या रस्त्यावर, तटावरची लढाई नंतरची.

दोन अठरा पौंडी आणि तीन बारा पौंडी तोफा तट फोडायला, बाकीच्या तटावरच्या माणसांना डोकं वर काढू न द्यायला. १३ डिसेंबरला सकाळी मारा सुरू, १४ च्या रात्रीपर्यंत बाहेरच्या तटाला खिंडार. दोन दिवसांत एवढा दगड कसा पडतो? तट फोडायची त्या काळची रीत अशी, की गोळे भिंतीच्या खालच्या भागात एका आडव्या रेषेत मारायचे. पायथा कापला गेला की वरचं वजन पेलायला काही राहत नाही आणि भिंत बाहेरच्या अंगाला कोसळते. पडलेल्या दगडमातीचा उतार तयार होतो. अँगल ऑफ रिपोज! त्या उतारावरून शिडीशिवाय माणूस चढून जाऊ शकला की खिंडार 'तयार'. किल्ल्याचीच भिंत शत्रूचा रॅम्प होते. सॉइल मेकॅनिक्सच्या पेपरात हे कोणी विचारत नाही.

१५ डिसेंबर १८०३ ला सकाळी हल्ला झाला. वेलस्लीने दक्षिणेकडून नुसती हूल दिली. खिंडारातून आत शिरलेल्यांच्या पुढे आतला किल्ला होता, मध्ये दरी. तिथे कॅप्टन कॅम्पबेल ९४ व्या पलटणीची तुकडी घेऊन शिड्यांनी तट चढला आणि आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग आणि त्याचे राजपूत लढत पडले, शिबंदीतली बहुतेक माणसं कापली गेली. इंग्रजांचं नुकसान सव्वाशेच्या आसपास. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांकडून गेला आणि निजामाला मिळाला, कटकही इंग्रजांकडे गेलं. आपण वऱ्हाडी पुढची कित्येक वर्षं हैदराबादचे कशामुळे झालो, त्याचं उत्तर या दोन लढायांत आहे.

पुढे १८५८ मध्ये इंग्रजांनी गडाची आणखी मोडतोड केली. त्यामुळे आज पडलेला कुठला दगड कधीचा, हे बोट दाखवून सांगता येत नाही. आम्ही उत्तरेच्या तटावर तासभर फिरलो. दिल्ली दरवाजावर सिंह आणि गंडभेरुंड आहेत, तोफा पडलेल्या आहेत. १५ डिसेंबरला मेलेल्यांची नावं लिहिलेली पाटी मला दिसली नाही. आमच्यातला एक म्हणाला, "बेनीसिंग सोडून बाकीच्यांची नावं कोनाले माहीत असतीन बे?" कोणी काही बोललं नाही. न्यूव्ह शापेलच्या भिंतीवर मी मोठ्याने नावं वाचली होती, इथे वाचायला काही नव्हतं.

त्या बेल्जियन मित्राला मी सविस्तर ई-मेल केला, नकाशासकट, आणि तेव्हा चुकीचं सांगितलं म्हणून माफी मागितली. त्याचं उलट उत्तर आलं : तो तीस मैलांचा रस्ता नेमका कुठून जातो, चढ किती, तुम्ही मोजलाय का?

नाही मोजला. म्हणून डिसेंबरात, परीक्षा संपल्यावर, जुन्या नकाशावरून तो रस्ता शोधायचा आणि जमेल तेवढी लेव्हल घ्यायची असं ठरलं आहे. भाग जंगलाचा आहे, तेव्हा वनखात्याची रीतसर परवानगी काढूनच जाऊ. सर्व्हेच्या सरांनी ऑटो लेव्हल द्यायचं कबूल केलं आहे, स्टाफपैकी कोणी बरोबर आलं तर फारच बरं. सध्या आम्ही पाच जण आहोत. स्टाफ धरायला एक माणूस कमी पडतो. ज्याला यायचं असेल त्याने रात्री मेस झाल्यावर रूमवर यावं.