अज्ञानाची सही आणि पेढी

लेण्याद्रीच्या चैत्यगृहावर कल्याणच्या सुलसदत्ताचे दान कोरलेले आहे. सुमारे १८ शतके ती नोंद टिकली. अज्ञान मुलाची सही मात्र कायद्यात क्षणभरही टिकत नाही. कलकत्त्याच्या धर्मदास घोष याने अज्ञान असताना घर गहाण ठेवून कर्ज घेतले. सावकाराच्या प्रतिनिधीस त्याच्या वयाची कल्पना होती. १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो करार आरंभापासूनच शून्य ठरविला. रक्कमही परत मिळाली नाही.

सज्ञान झाल्यावर दिलेली मान्यताही अशा करारास जीव देत नाही. जीवनावश्यक वस्तूंचे मूल्य तेवढे मुलाच्या मालमत्तेतून वसूल होते.

सर्व भागीदारांच्या संमतीने मुलाला पेढीच्या लाभात सामावून घेता येते. परंतु हे ठाऊक असलेल्या मुलाने सज्ञान झाल्यापासून सहा महिन्यांत नकाराची जाहीर सूचना न दिल्यास तो पूर्ण भागीदार ठरतो आणि पेढीची देणीही त्याच्या माथी येतात. म्हणून अठराव्या वाढदिवशी घरातील वडीलधाऱ्यांनी भागीदारीपत्र उघडून त्याला समजावून सांगावे.