‘लिक्षा’ची ‘रिक्षा’ होताना

वसई रोड स्थानकाबाहेरून एव्हरशाईन सिटीला नेणारी रिक्षा तीन वर्षांच्या अनेक मुलांच्या तोंडी ‘लिक्षा’ असते. त्यात काळजीचे काही नाही. ‘प’, ‘ब’, ‘म’ ओठांवर दिसतात, म्हणून लवकर येतात. ‘ळ’साठी मात्र जिभेचे टोक मागे वळवून टाळूला लावायचे आणि झटकन सोडायचे असते. ‘र’ही तसाच अवघड. काही मुलांना हे पाच वर्षांनंतरच जमते.

एव्हरशाईनसारख्या वसाहतीत लिफ्टमध्ये हिंदी, शेजारी गुजराती, शाळेत इंग्रजी. प्रमाण हिंदीत ‘ळ’ नाहीच. त्यामुळे ‘बाळ’चे ‘बाल’ होणे हा दोष नसून ‘ळ’ कमी कानी पडल्याचा परिणामही असू शकतो. त्यासाठी घरातली मराठी बंद करणे हा तर उलटाच उपाय.

सराव कानापासून सुरू करावा. दोन चित्रे काढावीत: आमरसाची वाटी आणि इंजेक्शनची सुई. मोठ्यांनी ‘रस’ किंवा ‘लस’ म्हणावे, मुलाने चित्र उचलावे. फरक ओळखता आला की मुलाने मागायचे, मोठ्यांनी द्यायचे. रस मागताना ‘लस’ म्हटले की हातात सुईचे चित्र येते आणि एका अक्षराने काय होते ते हसतखेळत कळते. मग सुटा ‘र’, नंतर रा-री-रू, पुढे शब्द, शेवटी वाक्य. दिवसाला पाच-दहा मिनिटे पुरेत.

एरवी बोलताना अडवू नये. मूल ‘लिक्षा आली’ म्हणाले, तर ‘हो, रिक्षा आली’ एवढेच स्पष्ट म्हणावे. पाहुण्यांसमोर ‘नीट म्हण बघू’ हा आग्रह सर्वांत वाईट. मूल आधी तो शब्द टाळते, मग बोलणेच कमी करते. आणि जिभेला वेखंड लावून ‘र’ येत नाही.

चार वर्षांच्या मुलाचे बहुतेक बोलणे परक्याला कळत नसेल, कान वारंवार वाहत असेल किंवा मूल टीव्हीचा आवाज सतत वाढवत असेल, तर सरावाआधी श्रवण तपासणी हवी. मधल्या कानात पाणी साचले तरी ऐकू कमी येते, आणि मूल जसे ऐकते तसेच बोलते. वांद्रे रेक्लमेशन येथे अली यावर जंग ही राष्ट्रीय वाक्-श्रवण संस्था १९८३ पासून आहे. जाताना अडणाऱ्या शब्दांची यादी आणि घरच्या गप्पांचे मोबाइलवरील रेकॉर्डिंग न्यावे. अनोळखी खोलीत बरीच मुले तोंडच उघडत नाहीत.