पेज, आंबील आणि लापशी
(नभोवाणीवरील भाषण)

धान्य पाण्यांत शिजविणें ही पाकशास्त्रांतील अगदीं पहिली पायरी होय. परंतु एवढ्याच दोन वस्तूंपासून कोंकणांत पेज होते, देशावर आंबील होते आणि घरोघर लापशी होते. आजाऱ्याला, बाळंतिणीला आणि नुकतेंच अन्न खाऊं लागलेल्या मुलाला आपण प्रथम हेच पदार्थ देतों. ते नीट उतरले नाहींत, तर केवळ चव जाते असें नाहीं. पोषणहि उणें पडतें. म्हणून त्यांच्या कृतीमागील कारणें समजून घेणें अगत्याचें आहे.

प्रथम पेज पाहूं. एक वाटी उकडा तांदूळ धुऊन आठ-दहा वाट्या आधणांत वैरावा आणि शितें फुलून मऊ होईपर्यंत मंद आंचेवर शिजवावा. मीठ शेवटीं घालावें. पाणी मात्र ओतून टाकूं नये. हा तांदूळ भात उकडून मग सडलेला असतो. त्यामुळें कोंड्यांतील जीवनसत्त्वाचा कांहीं अंश दाण्यांत उतरतो, आणि पेजेचें पाणी फेंकलें जात नसल्यानें तो वायां जात नाहीं. लोणच्याच्या फोडीबरोबर किंवा सुक्या बांगड्याबरोबर पेज घेण्याचा परिपाठ गोव्यांत व दक्षिण कोंकणांत प्रसिद्धच आहे.

आंबिलीसाठीं नाचणीचें किंवा ज्वारीचें पीठ रात्रीं ताकांत कालवून झांकून ठेवावें. ताकांतील उपकारक जंतू रात्रींतून त्याला आंबटपणा आणतात. सकाळीं तें उकळत्या पाण्यांत धारेनें सोडून एकसारखें ढवळावें. मीठ, जिरें व ठेंचलेला लसूण घालावा. कोरडें पीठ आधणांत टाकिलें तर त्याचे बाहेरचे कण चटकन फुगून चिकट होतात, आंतलें पीठ कोरडेंच राहतें, आणि गुठळ्या होतात. आधीं गार द्रवांत कालविण्याचें कारण हेंच. पिठाऐवजीं ज्वारीची भरड शिजविली म्हणजे कण्या होतात. त्या ताकाबरोबर रुचकर लागतात.

लापशीचा जाडा रवा तुपावर खमंग भाजून त्यावर आधणाचें पाणी घालावें. गूळ मात्र रवा पुरता शिजल्यावरच घालावा. आधीं घातल्यास दाणा लवकर मऊ होत नाहीं. दूध घालावयाचें असल्यास लापशी थोडी निवल्यावर घालावें, नाहीं तर गुळामुळें तें फाटण्याचा संभव असतो.

आतां मुलांच्या खाण्याकडे वळूं. सहा महिने पुरे झाले कीं आईच्या दुधाच्या जोडीला अन्न सुरू करावें लागतें. त्या वयाच्या मुलाच्या पोटांत एका वेळीं सुमारें पाव लिटरच मावतें. पिठांतील पिष्ट शिजतांना फुगतें व खीर घट्ट होते. मूल ती गिळत नाहीं, म्हणून आई पाणी वाढविते. मग पोट भरतें, परंतु तें पाण्यानें. अशा रीतीनें मूल जेवूनहि उपाशी राहूं शकतें.

यावर उपाय आपल्या घरांतच आहे. नाचणी रात्रभर भिजवून फडक्यांत बांधावी, मोड आले कीं सावलींत वाळवावी आणि अगदीं हलकी भाजून दळावी. मोड येतांना दाण्यांत अमायलेझ नांवाचें पाचक द्रव्य तयार होतें. तें पिष्टाचे मोठे रेणू तोडतें. घट्ट खीर चुलीवरून उतरवून अंमळ निवली कीं हें पीठ चमचाभर मिसळावें. थोड्याच वेळांत खीर पातळ होते. धान्य मात्र तेवढेंच राहतें. नंतर पुन्हां एक उकळी द्यावी. मोडाचें धान्य फार भाजल्यास हा गुण नष्ट होतो, हें ध्यानांत ठेवावें. १९८० नंतरच्या दशकांत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठांत या गुणाचा शास्त्रीय अभ्यास झाला.

नाचणीचा आणखी एक विशेष आहे. तिच्या १०० ग्रॅममध्यें सुमारें ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. सडलेल्या तांदळांत तें १० च्या आसपासच. संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें वर्ष भरड धान्यांचें म्हणून पाळिलें. आपल्या डोंगरांतील कष्टकऱ्यांनीं तर नाचणी कधींच सोडली नव्हती.

सारांश, पाणी किती घातलें यापेक्षां त्या पाण्यांतून धान्य किती पोटांत गेलें, हें पाहावें. वाटी भरलेली दिसणें निराळें आणि मूल पोसलें जाणें निराळें.