सूर्य सर्वांचा, बाजार कोणाचा?

२०२३ च्या जून महिन्यात भारत आणि अमेरिका ह्या दोन देशांनी, जागतिक व्यापार संघटनेपुढे परस्परांविरुद्ध चालू असलेले सहा तंटे आपसांत मिटवीत असल्याचे जाहीर केले. पंतप्रधानांच्या अमेरिका-दौऱ्याच्या धामधुमीत ही वार्ता एखाददुसऱ्या परिच्छेदात उरकली गेली. पोलाद, बदाम, सफरचंदे ह्यांवरील शुल्काची थोडीबहुत चर्चा झाली. परंतु ह्या सहांपैकी दोन तंटे सौरऊर्जेविषयीचे होते, इकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. त्यांपैकी एकात भारत हरला होता आणि दुसऱ्यात अमेरिका. दोन्ही निकाल एकाच नियमावर आधारलेले होते आणि दोन्ही पक्षांनी तो नियम मोडला होता. अक्षय ऊर्जेसंबंधी देशोदेशींच्या प्रतिनिधींत आज जी बोलणी चालतात, त्यांचा खरा विषय काय आहे हे समजून घ्यायचे तर ह्या दोन तंट्यांपासून आरंभ करणे सोयीचे ठरेल.

घेतली ती वीज, पॅनेल नव्हे

भारताने राष्ट्रीय सौर मिशन २०१० च्या जानेवारीत सुरू केले. २०२२ पर्यंत २०,००० मेगावॉट क्षमता उभारण्याचे उद्दिष्ट होते. पुढे २०१५ मध्ये ते एक लाख मेगावॉटवर नेण्यात आले. सरकार पंचवीस वर्षे वीज विकत घेण्याची हमी देणार आणि त्या बदल्यात प्रकल्प उभारणाऱ्याने देशात बनलेले सौर घट व पॅनेल वापरावयाचे, अशी अट घालण्यात आली. मागणी सरकारने निर्माण करायची आणि तिच्या आधाराने देशात कारखानदारी उभी राहायची, असा हेतू होता.

परंतु अटीत एक फट राहिली. आरंभीच्या टप्प्यांत ती केवळ स्फटिकी सिलिकॉनच्या पॅनेलांना लागू होती. ‘थिन फिल्म’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पातळ थराच्या पॅनेलांना नव्हती. ह्या दुसऱ्या प्रकारात अमेरिकी उत्पादक प्रबळ होते आणि त्यांचा माल घेणाऱ्यास अमेरिकेची सरकारी निर्यात-आयात बँक दीर्घ मुदतीची, स्वस्त कर्जे देत होती. साहजिकच अनेक भारतीय प्रकल्पांनी तोच मार्ग पत्करला. स्वदेशी कारखान्यांसाठी आखलेल्या धोरणाने परक्या कारखान्यांना मागणी मिळवून दिली. पुढच्या टप्प्यात ही फट बुजवली जाऊ लागली, तेव्हा तंटा अधिकच चिघळला. अमेरिकेने २०१३ च्या फेब्रुवारीत पहिली तक्रार नोंदवली होतीच. वर्षभराने दुसरी नोंदवली.

भारताचा मुख्य बचाव असा होता की ही सरकारी खरेदी आहे आणि सरकारी खरेदीला गॅट करारात देशी मालाला प्राधान्य देण्याची मुभा आहे. निवाडा करणाऱ्या मंडळाने तो अमान्य केला. सरकार विकत घेते ती वीज. अट घातली आहे ती पॅनेलांवर. आणि वीज व पॅनेल ह्या काही बाजारात परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या वस्तू नव्हेत, असे मंडळाचे म्हणणे पडले. देशात पॅनेलांचा तुटवडा आहे, हा दुसरा बचावही टिकला नाही. परदेशातून हवा तेवढा माल मिळत असताना तुटवडा कसला, असे उत्तर मिळाले. २०१६ च्या फेब्रुवारीत हा निकाल लागला आणि सप्टेंबरात अपील मंडळाने तो कायम केला.

त्याच महिन्यात भारताने अमेरिकेविरुद्ध तक्रार गुदरली. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, मिनेसोटा आदी आठ राज्यांत स्थानिक बनावटीची सौरसामग्री वापरणाऱ्यास सवलती मिळत होत्या. २०१९ च्या जूनमध्ये निकाल भारताच्या बाजूने लागला. अमेरिकेने त्यावर अपील केले. परंतु नव्या सभासदांच्या नेमणुका अमेरिकेनेच रोखून धरल्यामुळे त्या वर्षीच्या डिसेंबरात अपील मंडळाचे कामच थांबले. निकाल ना पक्का झाला, ना रद्द. पुढे २०२२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने जो मोठा हवामान-कायदा केला, त्यात देशी सामग्री वापरणाऱ्या प्रकल्पांना जादा करसवलत ठेवण्यात आली. त्यांतील बऱ्याच सवलतींना २०२५ च्या कायद्याने कात्री लागली, ही गोष्ट निराळी. भारताने जे केले म्हणून अमेरिका तक्रारदार झाली, तेच तिने अधिक मोठ्या प्रमाणावर केले, एवढे येथे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

जर्मनीची मागणी, चीनचे कारखाने

ह्यात ढोंग आहे हे खरे. पण नुसते ढोंग म्हणून सोडून देणे योग्य होणार नाही. त्यामागचे अर्थकारण पाहिले पाहिजे. जर्मनीने २००० साली कायदा करून सौर विजेला वीस वर्षे ठरावीक चढा दर देण्याची हमी दिली. घराघरांवर पॅनेले चढली आणि त्यांना प्रचंड मागणी निर्माण झाली. ती पुरविण्यास प्रथम जर्मन कारखाने पुढे आले. परंतु सरकारी बँकांची कर्जे आणि प्रांतिक सरकारांनी दिलेल्या सोयी ह्यांच्या बळावर चीनमध्ये त्याहून कितीतरी मोठे कारखाने उभे राहिले. किमती कोसळल्या. एके काळी जगात आघाडीवर असलेली क्यू-सेल्स ही जर्मन कंपनी २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली.

त्याच वर्षी अमेरिकेने चिनी सौर घटांवर डंपिंगविरोधी शुल्क बसवले. २०१३ च्या जूनमध्ये युरोपनेही तात्पुरते शुल्क लावले, तेव्हा चीनने युरोपातून येणाऱ्या वाइनची चौकशी आरंभली. पॅनेलांच्या भांडणात द्राक्षबागाईतदार सापडले! अखेर त्या वर्षीच्या जुलैमध्ये तडजोड झाली: चीनने दर वॉटला ५६ युरो सेंटांहून कमी भावाने विकू नये आणि ठरावीक मर्यादेपलीकडे माल धाडू नये. हे बंधनही युरोपने २०१८ मध्ये उठवले, कारण तोवर पॅनेल बनवणाऱ्यांपेक्षा पॅनेल बसवणाऱ्यांचा आणि विकत घेणाऱ्यांचा वर्ग मोठा झाला होता. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, सौर पॅनेलाच्या निर्मितीच्या प्रत्येक टप्प्यावर चीनचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक होता.

देशाचे व्यापारविषयक तत्त्वज्ञान त्याच्या परिस्थितीबरोबर बदलते, हा ह्या सर्व कहाणीचा सारांश आहे. जेथे माल विकायचा तेथे मुक्त व्यापाराची महती आणि जेथे घ्यायचा तेथे संरक्षणाची निकड, हा प्रकार ना नवा आहे ना केवळ सौरऊर्जेपुरता.

न्यायमूर्तींचे व्याख्यान

महाराष्ट्राला तर हे सांगण्याची गरजच पडू नये. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे ह्यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिले, त्यात त्यांनी हाच मुद्दा मांडला होता. इंग्लंडचे मुक्त व्यापाराचे शास्त्र हे सर्व देशांना, सर्व काळी लागू पडणारे सत्य नव्हे. देशाची अवस्था पाहून धोरण ठरवले पाहिजे, हे त्यांनी फ्रीड्रिख लिस्ट ह्या जर्मन विचारवंताचा हवाला देऊन सांगितले. चारच वर्षांनी, १८९६ मध्ये, परदेशी कापडावरील साडेतीन टक्के आयात शुल्काबरोबर देशी गिरण्यांच्या कापडावरही तितकाच अबकारी कर लादण्यात आला. मँचेस्टरच्या गिरण्यांना स्पर्धेत तोटा होऊ नये म्हणून मुंबईच्या गिरण्यांवर बसलेला हा कर जवळजवळ तीस वर्षे टिकला.

मात्र रानड्यांचा वारसा सांगताना त्याचा उत्तरार्ध विसरता कामा नये. १९२१-२२ च्या फिस्कल कमिशनने संरक्षणाची मागणी मान्य केली ती सरसकट नव्हे, तर तीन कसोट्या लावून. उद्योगाला देशात नैसर्गिक अनुकूलता असावी. संरक्षणावाचून त्याची वाढ होणे अशक्य असावे. आणि काही काळाने तो संरक्षणाच्या कुबडीवाचून जागतिक स्पर्धेत उभा राहू शकेल अशी खात्री असावी. ‘विवेचक संरक्षण’ म्हणून विद्यार्थ्यांना हे धोरण परिचित आहे. परकीय सरकारने ते कृपणपणे राबवले अशी टीका झाली आणि ती रास्त होती. तथापि तिसऱ्या कसोटीतील तत्त्व मोलाचे आहे. संरक्षण ही समाजाने एका उद्योगाला दिलेली उसनवारी असते आणि उसनवारीला मुदत लागते.

भिंतीच्या आत काय घडले?

ही कसोटी आजच्या सौर उद्योगाला लावून पाहावी. २०१८ च्या जुलैमध्ये भारताने चीन व मलेशियातून येणाऱ्या घटांवर व पॅनेलांवर २५ टक्के संरक्षक शुल्क बसवले. २०२२ च्या एप्रिलपासून पॅनेलांवर ४० आणि घटांवर २५ टक्के सीमाशुल्क आकारले जाऊ लागले. मान्यताप्राप्त उत्पादकांच्या यादीतीलच माल घ्यावा असा आदेश २०१९ मध्ये निघाला. २०२३-२४ हे वर्षभर तो स्थगित ठेवण्यात आला आणि पुन्हा लागू झाला. उत्पादनाशी निगडित अनुदानासाठी प्रथम ४,५०० कोटी आणि नंतर १९,५०० कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली.

फळ दिसले नाही असे म्हणता येणार नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्या यादीतील पॅनेल-निर्मितीची क्षमता वर्षाला एक लाख मेगावॉटवर पोहोचली. परंतु पॅनेल ही साखळीतील अखेरची कडी आहे. वाळूपासून मिळणाऱ्या सिलिकॉनचे शुद्धीकरण, त्याचे ठोकळे, त्यांच्या पातळ चकत्या, चकत्यांचे घट आणि घट जोडून पॅनेल असा हा क्रम आहे. घट बनवण्याची देशातील क्षमता त्या सुमारास पॅनेलांच्या जेमतेम चौथा हिस्सा होती. चकत्यांची तर नाममात्रच होती आणि शुद्ध सिलिकॉन बाहेरूनच येत होते. म्हणजे जेथे भांडवल, विद्या आणि संशोधन अधिक लागते तेथे अजून परावलंबन आहे, आणि जोडणीचे काम मात्र वाढले आहे. सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स ह्या सरकारी कारखान्याने देशातील पहिला सौर घट १९७७ मध्येच बनवला होता, हे आठवले म्हणजे गेलेल्या वर्षांची किंमत कळते.

आणि ह्या संरक्षणाचा भार कोण वाहतो? सौर प्रकल्पाच्या खर्चात पॅनेलांचा वाटा निम्म्याच्या आसपास असतो. पॅनेल महागले की विजेचा दर वाढतो. राजस्थानातील भडला येथे २०१७ मध्ये युनिटला २ रुपये ४४ पैसे, तर गुजरातेत २०२० च्या डिसेंबरात १ रुपया ९९ पैसे असा दर लिलावात निघाला होता. तो नीचांक पुढे टिकला नाही, आणि त्याला इतर कारणांबरोबर हे शुल्कही कारण झाले. महाराष्ट्रात शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ पासून सौर कृषी वाहिनी योजना राबवली जात आहे. हिवाळ्यातल्या रात्री विजेरी घेऊन पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याची त्या फेऱ्यातून सुटका किती लवकर होईल, हे अखेर त्या विजेच्या खर्चावर अवलंबून आहे. संरक्षणाचा हप्ता तोही भरतो आहे; म्हणून त्याचा हिशेब मागण्याचा त्यालाही अधिकार आहे.

उसनी संधी

निर्यातीचे चित्र वरकरणी उत्साहवर्धक आहे. २०२२ नंतर भारतीय पॅनेलांची निर्यात झपाट्याने वाढली. परंतु २०२३-२४ मध्ये ह्या निर्यातीपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक माल एकट्या अमेरिकेत गेला. भारतीय पॅनेल चिनी पॅनेलापेक्षा स्वस्त होते म्हणून नव्हे. शिंजियांग प्रांतातील सक्तीच्या मजुरीच्या प्रश्नावरून अमेरिकेने २०२२ च्या जूनपासून चिनी मालाची वाट अडवली, त्यामुळे तेथील भाव चढे राहिले आणि भारतीय उत्पादकांना जागा मिळाली. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ झाला.

असा लाभ किती टिकतो हे कळायला फार काळ लागला नाही. २०२५ च्या जुलैमध्ये अमेरिकी उत्पादकांनी भारत, इंडोनेशिया आणि लाओस येथील सौरसामग्रीविरुद्ध डंपिंग व अनुदानाची तक्रार दाखल केली, आणि ऑगस्टच्या अखेरीस भारतीय मालावरील अमेरिकेचे जादा शुल्क एकूण ५० टक्क्यांवर गेले. शुल्काचा आकडा वाटाघाटींत खालीवर होतो. पण एकाच गिऱ्हाइकाच्या लहरीवर उभा असलेला निर्यात-व्यवसाय हा पायाशिवाय बांधलेला मजला होय, हा धडा त्याने बदलत नाही.

मग व्यापारी वाटाघाटींत भारताने मागायचे काय? शुल्कात दोन-पाच टक्क्यांची सूट मिळाली तर ती घ्यावीच. परंतु तेवढ्यावर समाधान मानू नये. भारताजवळचे खरे भांडवल म्हणजे त्याची स्वतःची मागणी. एवढी मोठी बाजारपेठ ज्याच्या हाती आहे त्याने प्रवेशाच्या बदल्यात शुद्ध सिलिकॉनची, चकत्यांची आणि यंत्रसामग्रीची विद्या मागावी. पॅरिस येथे २०१५ मध्ये फ्रान्सच्या सहकार्याने स्थापन झालेल्या आणि गुरुग्राम येथे मुख्यालय असलेल्या आंतरराष्ट्रीय सौर आघाडीतून आफ्रिकेतील देशांशी संबंध जुळले आहेत. तेथे लहान पंप, दिवे, शीतगृहे ह्यांना गिऱ्हाईक आहे. ते हळूहळू वाढेल, पण परक्यांच्या भांडणावर अवलंबून राहणार नाही.

देशांतर्गत धोरणात तर त्याहून साधी गोष्ट करता येण्याजोगी आहे. शुल्क किती वर्षे राहील, दरवर्षी किती उतरेल आणि त्या मुदतीत उद्योगाने साखळीचे कोणते टप्पे गाठायचे, हे संसदेपुढे आधीच जाहीर करावे. आणि १९२३ नंतरच्या टॅरिफ बोर्डाप्रमाणे स्वतंत्र मंडळाने ठरावीक काळाने त्याची उघड तपासणी करावी. यादी एका वर्षी लागू, दुसऱ्या वर्षी स्थगित, तिसऱ्या वर्षी पुन्हा लागू, अशा धरसोडीने ना कारखानदाराचे भले होते, ना वीज घेणाऱ्याचे.

रानड्यांना संरक्षण हवे होते ते देश सामर्थ्यवान व्हावा म्हणून. कोणा कारखानदाराचा नफा कायम सुरक्षित राहावा म्हणून नव्हे. सौर उद्योगाला भिंतीची गरज आहे, हे आज मान्य करावे लागेल. परंतु ती कोणत्या वर्षी उतरायची, हे तिची पहिली वीट रचतानाच ठरवावयास हवे होते. ते तेव्हा राहून गेले असेल, तर आता तरी ठरवावे.